राखून ठेवलेले दोनशे छप्पन एमबी

मी पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहे, यापलीकडे आमच्या गावाला माझ्याबद्दल काही ठाऊक नाही. गाव जानेफळच्या अलीकडं, फाट्यावरून आत. थोरला भाऊ दर दिवाळीला विचारतो, "तू नेमकं करतं काय बे?" आणि मी दर दिवाळीला काहीबाही सांगून वेळ मारून नेतो. एका वर्षी मात्र काय झालं कोणास ठाऊक, ओसरीत बसून त्याला नीट समजावून सांगितलं.

म्हटलं, कर्नेल म्हणजे मशीनचा कारभारी. मेमरी कोणाले किती द्यायची, डिस्कवर कोणी लिहायचं, सगळं तोच ठरवतो. आता हा कारभारीच चालता चालता कोसळला तर?

"तर मशीन बंद," भाऊ म्हणाला.

"अन् काऊन कोसळला, हे कोण सांगणार?"

मला जरा चेव चढला. म्हणून, म्हटलं, मशीन सुरू होतानाच थोडी मेमरी बाजूला काढून ठेवतात. तिला कोणी हात लावायचा नाही. तिच्यात एक लहान कारभारी झोपवून ठेवतात. मोठा पडला की लहान उठतो, मोठ्याचा पंचनामा करून डिस्कवर ठेवतो आणि मशीन पुन्हा चालू करून देतो. मग आमच्यासारखे लोक तो पंचनामा वाचून काय बिघडलं ते शोधतात.

"अन् तो लहान कारभारी तू बनवला?"

"नाही. मेमरी किती राखून ठेवली आहे हे सांगणारी एक फाइल असते. तिच्यात एक आकडा दिसतो. तो आकडा दाखवायचं काम माझ्याकडं."

भाऊ वहिनीकडं पाहून म्हणाला, "एक आकडा दाखवायचा पगार देतात याले." वहिनी हसली, मीही हसलो. आता ते आठवलं की कुठं तोंड लपवावं ते कळत नाही. कारण त्या एका आकड्यानं एका बाईची अब्रू गेली. आकडा खोटा होता, आणि तो मी लिहिलेला होता.

ती बाई म्हणजे बाजी. तिचे धाकटे भाऊ तिला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचे म्हणून आम्ही शिकायला येणारेही बाजी म्हणायचो, आणि 'तू'च म्हणायचो. चिखलीला तिच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान होतं. घरात पिढीजात कापूस पिंजायचा धंदा. दुकानाच्या वर दोन खोल्या, त्यांत बाजीचा कॉम्प्युटर क्लास. खाली पिंजायचं मशीन घरघरायचं आणि त्यातून उडालेला कापूस जिन्यानं वर यायचा, कीबोर्डात शिरायचा, पंख्यांवर बसायचा. रोज सकाळी बाजी एकेका मशीनचं झाकण काढून रंगाच्या ब्रशनं तो कापूस झाडायची. हे काम ती आम्हाला कधी देत नसे. आम्ही झाडल्याचं सांगू आणि झाडणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिचा स्वभावच तसा. "झालं" म्हटलं की ती उठून पाहायची. प्रिंट निघाली म्हणालात तर प्रिंटरपाशी जाऊन कागद हातात घ्यायची. आम्ही तिची चेष्टा करायचो, की बाजीला जेवली का म्हणून विचारलं तरी ती आधी ताट पाहते आणि मग हो म्हणते. तिला हे कळायचं. राग यायचा नाही. "पाह्यल्यावाचून बोलाचं नाही बाबू," एवढं म्हणायची आणि कामाला लागायची. मी आज जे खातो ते तिनं शिकवलेलं आहे. कॉलेजात असताना मी तिच्याकडं टाइपिंगची कामंही करायचो, खुर्चीवरचा गादीच्या खोळींचा ढीग बाजूला सारून बसून.

त्या दिवसांत एका संस्थेची पाहणी तिच्याकडं टाइप करायला आली. बीटी कपाशीच्या बियाण्याबरोबर तेव्हा साध्या कपाशीचं एक लहान पाकीट यायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं. अळीला तिथं खायला मिळालं की बीटी पचवणारी अळी लवकर तयार होत नाही, असं सांगायचे. सांगणारे खरं तेच सांगत होते. पण आमच्याकडं ते पटायचं कोणाला? "अळीले का पंगतीले बसवता?" असं आमचे बाबा म्हणायचे. पाकीट कोणी उकिरड्यावर टाकायचं, कोणी माळ्यावर. पाहणीतला एक प्रश्न तोच होता, लहान पाकीट लावलं की नाही. आमच्या गावाचे फॉर्म बाजीनं माझ्याकडं दिले. घरोघर जाऊन विचारायचं आणि लिहून आणायचं.

उन्हाळ्याचे दिवस. मी दोन घरं केली, तिसऱ्या घरी कुत्रं अंगावर आलं, आणि माझं डोकं फिरलं. घरी येऊन ओट्यावर बसलो आणि नावं तर सगळी पाठच होती, सगळ्यांच्या पुढं 'हो' लिहून टाकलं. आमच्या घराच्या पुढंही 'हो'. आमचं पाकीट माझ्या डोक्यावर माळ्यात पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा बाजीच्या पुढं ठेवला.

"घरोघर फिरला ना?"

"हाव बाजी."

"सगळ्याईनंच लावलं?"

"सगळ्याईनंच."

तिनं वरचे चार-दोन फॉर्म उलटून पाहिले, माझ्याकडं पाहिलं आणि गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाली, "तुझ्या गावाचं मी टाइप करते. तू दुसरं घे." मला हायसं वाटलं. थाप पचली म्हणून मी खाली जाऊन चहा प्यायलो, हेसुद्धा मला लख्ख आठवतं.

पुढं पुण्याला आलो, नोकऱ्या बदलत बदलत या कर्नेलच्या कामात शिरलो. आमची कंपनी सर्व्हरसाठीची सिस्टीम बनवते, तिच्यातलं हे पंचनाम्याच्या मेमरीचं काम माझ्याकडं आलं. ती फाइल जुनी झाली होती, ती मी नव्यानं लिहिली. काम एवढंसं. मशीन सुरू होताना मालक सांगतो, दोनशे छप्पन एमबी राखून ठेव. कर्नेल तेवढी जागा शोधतो. नंतर कोणी फाइल उघडून पाहिली, की तिनं सांगायचं किती राखली ते.

आमच्यात कोणाचंही काम दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढं जात नाही. माझं काम तपासायला होती आमच्या टीममधली सगळ्यांत जुनी बाई. तिनं एकच प्रश्न लिहून पाठवला. हा आकडा मागितलेल्या मेमरीचा आहे की मिळालेल्या?

दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचा दिवस होता. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि पाचला माझी चिखलीची ट्रॅव्हल्स होती. मी लिहून टाकलं, दोन्ही एकच आहेत. मशीन सुरू होताना सगळी मेमरी मोकळीच असते, मागितली तेवढी मिळतेच. आमच्या टेबलावरच्या मशीनवर तसंच होत होतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. बॅग उचलून मी निघालो आणि गाडीत मस्त झोपलो.

दोन्ही एकच नसतात. ही मेमरी एकसलग लागते, आणि जुन्या मशीनमध्ये मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत असू शकते. मग कर्नेल दोनशे छप्पन शोधतो, सापडत नाही, मुकाट्यानं पुढं जातो. राखलेलं शून्य. आणि माझी फाइल विचारणाऱ्याला बिनदिक्कत सांगते, दोनशे छप्पन. तपासायला फार तर अर्धा तास लागला असता, एक जुनं मशीन शोधून. पण 'झालं' म्हणून उठणारा मी, आणि उठून पाहणारी बाजी तिथं नव्हती.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बोंडं वरून हिरवीगार, मोठाली. फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडका कापूस. भाऊनं फोनवर एवढंच सांगितलं, की उभ्या कपाशीच्या पऱ्हाटीत बकऱ्या सोडल्या. नुकसानीचे अर्ज भरायचे होते, ते मुदतीत कॉम्प्युटरवर चढवायचे होते. नोंदणीचं काम एका ठेकेदार कंपनीकडं होतं आणि तिनं आमच्या बाजूच्या गावांचं काम बाजीला दिलं. सोबत एक जुना सर्व्हर दिला. बाजीनं मला हौसेनं फोन केला, "बाबू, तुमच्यावालीच सिस्टीम हाय त्याच्यावर. तुझं नाव कुठं दिसते का पाहून राह्यली होती मी." मी म्हटलं, नाव नसतं गं बाजी. मला बरं वाटलं होतं तेव्हा.

एका दुपारी पाच पोरी टाइप करत बसलेल्या असताना तो सर्व्हर थिजला, पडदा काळा झाला आणि आपोआप पुन्हा सुरू झाला. बाजीनं समोर उभं राहून पाहिलं. कंपनीला फोन केला, ते म्हणाले चालू झालं ना, मग काम करा. काम पूर्ण झालं. कागदी अर्जांचे गठ्ठे कंपनीनं नेले. मग भरपाईची यादी लागली, आणि यादीत तीन गावांची नावंच नव्हती. सर्व्हर कोसळला तेव्हा त्यांच्या नोंदी गेल्या होत्या. त्यांतलं एक गाव आमचं.

भाऊच्या खिशात अर्ज भरल्याची पावती होती. सगळ्यांच्याच होती. लोक गादीच्या दुकानासमोर जमले. बाजी सांगत होती, मशीन पडलं होतं. कंपनीचा माणूस आला, त्यानं सर्व्हर तपासला आणि लेखी अहवाल दिला. मशीन कोसळलं असतं तर पंचनाम्याची फाइल तयार झाली असती. त्यासाठी दोनशे छप्पन एमबी मेमरी राखून ठेवलेली आहे, हे सिस्टीमच सांगते. पंचनामा नाही, म्हणजे मशीन कोसळलंच नाही. म्हणजे नोंदी कोणीतरी हातानं खोडल्या आणि झाकण्यासाठी मशीन बंद करून चालू केलं.

त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं. सिस्टीम सांगते म्हटल्यावर कोण शंका घेणार?

बाजीनं सकाळी मला ऑफिसात असताना फोन केला. "तू यातलाच हाय ना. एकदा पाहतं का?" मोबाइलवर तिनं अहवालाचा फोटो पाठवला. 'दोनशे छप्पन' वाचलं आणि माझं काम तपासणाऱ्या बाईचा तो प्रश्न आठवला. मी तिला एक दुसरी फाइल उघडायला सांगितली, जिच्यात मेमरीचा सगळा नकाशा असतो. कुठून कुठपर्यंत काय आहे, ते ओळीनं. राखलेल्या मेमरीची ओळ तिथं असायला हवी होती. तिनं त्या पडद्याचा फोटो पाठवला. ओळ नव्हती.

म्हणजे पहिल्या दिवशी, पहिल्या अर्ध्या तासात मला सगळं कळलं होतं. मशीन कोसळलं होतं. लहान कारभाऱ्याला जागाच मिळाली नव्हती, म्हणून पंचनामा नव्हता. आणि माझा आकडा थाप मारत होता.

मी बाजीला काय सांगितलं? "पाहतो बाजी. जरा वेळ लागेल."

तीन आठवडे मी मूग गिळून बसलो. काय करत होतो ते सांगतो, लाज तर गेलेलीच आहे. आधी दुरुस्ती करू, मग सांगू, असं स्वतःला समजावलं. दुरुस्ती दोन ओळींची होती. ती पाठवताना सोबतच्या टिपेत लिहिलं, की काही क्वचित यंत्रांवर आकडा चुकीचा दिसू शकतो. त्या क्वचित यंत्रासमोर कोण बसलं होतं ते लिहिलं नाही. साहेबानं सगळ्यांच्या देखत माझी पाठ थोपटली, बारकाईनं पाहतोस म्हणाला. त्याच महिन्यात मला टीमचा प्रमुख करायचं चाललं होतं, आणि ते मला हवं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याच दिवसांत भाऊचा फोन. "तुझ्या त्या बाजीनं खाल्ली आमची नावं. कोणाच्या सांगण्यावरून खोडली कोण जाणे. मी तिच्या बापाले दुकानात जाऊन बोललो." भाऊ कधी परक्या माणसाला अरे म्हणत नाही. तो त्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर बोलून आला होता. मी म्हटलं, चौकशी चालू आहे, पाहू काय निघतं. एवढंच म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात बाजीचा दुसरा फोन आला. आवाज नेहमीचा, पण हळू.

"बाबू, ते लोक मले लिहून मागून राह्यले, का माझ्याच्यानं चुकून खोडल्या गेलं म्हणून. लिहून दिलं तर पोलिसात जात नाही म्हणतात. अब्बा म्हणतात देऊन टाक. देऊ का?"

मी फोन घेऊन ऑफिसच्या जिन्यात आलो.

"मी तर डोळ्यानं पाह्यलं होतं मशीन पडताना," ती म्हणाली. "पण आता मलेच वाटून राह्यलं, का आपण पाह्यलंच नसन. मशीन कायले खोटं बोलन?"

ताट पाहिल्याशिवाय हो न म्हणणारी बाजी. स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास मी उडवला होता.

"लिहून देऊ नको," मी म्हटलं. "मी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलीला उतरलो. खाली पिंजायचं मशीन बंद होतं. वर क्लासमध्ये मशीनवर प्लॅस्टिकची झाकणं, आणि बाजी खिडकीशी बसून गादीच्या खोळीला टाके घालत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आकडा माझा, फाइल माझी. मला विचारलं होतं, मागितलेलं की मिळालेलं, आणि मी न पाहता उत्तर दिलं. तिनं सुई खोळीत टोचून ठेवली.

"कधी कळलं तुले?"

मला खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हणालो असतो तर तिनं मानलं असतं, कारण आता ती मानायला लागली होती.

"पहिल्याच दिवशी."

तिनं खिडकीतून खाली पाहिलं. मग म्हणाली, "अब्बानं पंधरा दिवस झाले, खाली मशीन लावलं नाही. पिंजाले कापूसच कोणी आणत नाही." आणि उठून तिनं माझ्यासाठी खुर्चीवरचा खोळींचा ढीग उचलला. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. तेही माझ्याच सोयीचं.

पुढचं लवकर उरकलं. ठेकेदार कंपनीच्या माणसासमोर मी तो सर्व्हर पुन्हा सुरू करून दाखवला. एका फाइलीत दोनशे छप्पन, दुसरीत काहीच नाही. त्यानं कपाळाला हात लावला. मी माझ्या सहीनं लिहून दिलं, की आकडा माझ्या चुकीमुळं खोटा होता आणि मशीन कोसळलंच असणार. पुण्याला परतून साहेबालाही सांगितलं. प्रमुखपद गेलं ते गेलंच. कागदी अर्जांचे गठ्ठे शाबूत होते, त्यांवरून नव्यानं नोंदी झाल्या आणि पुरवणी यादी लागली. तिन्ही गावं आली. फक्त ते काम बाजीकडं परत आलं नाही. शिकायला येणारी पोरंही पांगली होती. लोक म्हणायचे, मशीन तर पडलं असन, पण आग असल्यावाचून धूर निघते का? तिनं क्लासची पाटी उतरवली.

आणि गावानं माझा सत्कार ठेवला. हसू नका, खरंच ठेवला. गावच्या पोरानं कंपनीची चूक पकडली, आपली नावं परत आणली, अशी बातमी पसरली होती. पसरवण्यात भाऊ सगळ्यांत पुढं. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या, माइक आणला, शाल-श्रीफळ झालं. बाजीला बोलवा म्हणून मी भाऊच्या पाठीस लागलो होतो, त्यानं जीपही पाठवली. जीप रिकामी आली. अब्बांची तब्येत बरी नाही, असा निरोप होता.

मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, ही चूक कंपनीची नव्हती, बाजीची तर नव्हतीच. ती चूक माझी होती. मी खोटा आकडा लिहिला, मला कळलं तरी तीन आठवडे दडून बसलो, आणि तेवढे दिवस तुम्ही त्या बाईला नावं ठेवली.

मग पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "पाहा, एवढा शिकला पण घमेंड नाही." टाळ्या पडल्या. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. पुन्हा टाळ्या. भाऊ टाळ्या वाजवत नव्हता. त्याला कळलं होतं. तो सतरंजीकडं पाहत बसला होता, बाजीच्या वडिलांना तोच बोलून आला होता.

घरी आलो. शाल खुंटीला अडकवून ओट्यावर बसलो, तोच तो ओटा. वहिनीनं पाणी आणून दिलं. ती या घरात नवी होती तेव्हा मी कॉलेजात होतो.

"तुमची बाजी म्हणजे ती, पांढऱ्या ओढणीवाली? चष्मा होता?" तिनं विचारलं.

"हाव. तू कुठं पाह्यली?"

"आपल्या इथं आली होती ना. लय वर्षं झाली, तुम्ही तवा चिखलीले होते. भर उन्हाची, एकटी. हातात कागदाचा गठ्ठा. घरोघर फिरून इचारत होती, कपाशीचं ते लहान पाकीट लावलं का म्हणून. दोन दिवस फिरली. मीच तिले पाणी देल्लं इथं."

मी तांब्या खाली ठेवला.

"माळ्यावर चढून आपलं पाकीट पाह्यलं तिनं," वहिनी सांगत होती. "मंग कागदावर 'हो' होतं ते खोडून 'नाही' लिहिलं. मी म्हटलं, हे कोणं लिहिलं होतं आधी?"

"काय म्हणाली?"

"नाव नाही घेतलं. म्हणे, पोरगा चांगला हाय, उन्हामुळं फिरायचं राहून गेलं त्याचं."